वालचंदांचं नाव, लवासाचा हिशेब

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं 'वालचंद' म्हटलं तरी रिक्षा बरोबर कॉलेजच्या दारात थांबते. कला आणि विज्ञान महाविद्यालय त्या नावाचं, अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच नावाचं. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण घराण्याचा अभिमान मिरवायचा तर त्या घराण्याची पुढची पानंही वाचायला हवीत. आपण १९५३ साली, वालचंदांच्या निधनापाशी, पुस्तक मिटून ठेवलं आहे. या आठवड्यात मी ते पुढे उघडतो आहे. पुढच्या पानांवर नाव आहे त्यांच्या भावाच्या नातवाचं, अजित गुलाबचंद यांचं. आणि गावाचं नाव आहे लवासा.

आधी वालचंदांचं पान. कापसाच्या आणि सावकारीच्या पिढीजात धंद्यात या मुलाचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार घेऊन त्यांनी ठेकेदारी सुरू केली, आणि पहिलं काम घेतलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेचं. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, उभी राहिली. १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मग प्रीमियरच्या मोटारी. परक्या सरकारच्या नाकावर टिच्चून हे सगळं झालं असं आपण भाषणांत सांगतो. ते पुरतं खरं नाही. वालचंदांनाही राज्यकर्त्यांची मदत लागली. विमान कारखान्यात म्हैसूर संस्थानाचं भांडवल होतं. मात्र ते उघड होतं, कागदावर होतं, आणि कारखान्याची मालकी कोणाकडे किती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता पुढचं पान. अजित गुलाबचंद यांची कारकीर्द लवासापासून सुरू होत नाही आणि नुसती लवासावर मोजणं अन्यायाचं ठरेल. एचसीसी म्हणजे कोयनेचं धरण बांधणारी कंपनी, फरक्काचा बंधारा बांधणारी कंपनी. अजित गुलाबचंद यांच्या कारकिर्दीत तिने मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू पुरा केला. २००९ साली तो खुला झाला आणि रोज हजारो माणसं त्यावरून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने कंपनीप्रमुखांनी पाण्याबद्दल जबाबदारी घेण्याचा जो जाहीरनामा निघाला, त्यावर सही करणारी पहिली भारतीय कंपनी एचसीसीच. मोठा उद्योजक, मोठी कंपनी, मोठं नाव. म्हणूनच प्रश्नही मोठाच विचारायला हवा.

लवासा म्हणजे मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यांतली अठरा गावं. मोसे नदीचं खोरं. जून २००१ मध्ये राज्य सरकारने ही गावं थंड हवेचं ठिकाण म्हणून विकसित करायला काढली. वरसगाव धरणाच्या पाण्याकडेची कृष्णा खोरे महामंडळाची १४१ हेक्टर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला मिळाली, तीही लिलाव न करता. हे महामंडळ धरणं आणि कालवे बांधण्यासाठी काढलेलं. त्याची जमीन खासगी शहराला का दिली, याचं पटेल असं उत्तर मी आजवर कुठे वाचलेलं नाही. २००८ मध्ये तर त्याहून पुढची गोष्ट झाली. लवासा कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. शहर बांधणार कंपनी आणि बांधकामाला परवानगीही कंपनीच देणार. पुण्याच्या एखाद्या गावात गोठ्यावर पत्रा टाकायचा तर ग्रामपंचायतीत खेटे घालावे लागतात. इथे हजारो एकरांचा कारभार एका कंपनीच्या हाती सोपवला. हा दर्जा काढून घ्यायला २०१७ उजाडलं.

दासवे गावात इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगीत घरांची रांग उभी राहिली. तिचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आपल्यापैकी कित्येकांनी तिथे जाऊन काढलेही आहेत. त्या फोटोंच्या चौकटीबाहेर मुगाव होतं, धामणओहोळ होतं, तिथले कातकरी आणि कोळी होते. आमच्या जमिनी फसवून घेतल्या, असं ते सांगत होते. मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिल्लीपर्यंत नेलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, कारण केंद्राची परवानगी न घेताच डोंगर फोडणं चालू होतं. त्याच वर्षी लवासा कॉर्पोरेशनने दोन हजार कोटींचे शेअर लोकांना विकण्यासाठी अर्ज केला होता. ते शेअर कधी बाजारात आले नाहीत. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटी घालून परवानगी मिळाली. २०१२ साली कॅगने या सगळ्या परवानग्यांवर ताशेरे ओढले.

कंपनीची बाजूही सांगतो. त्यांचं म्हणणं असं की त्या एका वर्षाच्या स्थगितीने पैशाचा ओघ आटला, ग्राहक बिचकले आणि प्रकल्प सावरला नाही. यात तथ्य आहे. अर्धवट बांधकामावर व्याज चढत राहिलं की भल्याभल्यांचं कंबरडं मोडतं. पण केंद्राची परवानगी लागेल की नाही, हा प्रश्न पाऊणशे वर्षं जुन्या बांधकाम कंपनीला दगड रचण्याआधी पडायला नको होता का? धरणं बांधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना पाणलोटाचा कायदा कोणी शिकवायचा? ही चूक एखाद्या शाखा अभियंत्याची नव्हती. ती सर्वांत वरच्या खुर्चीची होती.

सोलापूरकरांनी लवासाबद्दल का बोलायचं, असं कोणी म्हणेल. नाव आपलं आहे हे एक कारण. दुसरं त्याहून जवळचं आहे, ते आपल्या नळात आहे. मोसे नदी मुठेला मिळते, मुठा पुण्यात मुळेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेचं पाणी उजनीत येतं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आपल्या गावात पाणी कधी तीन दिवसांनी, कधी पाच दिवसांनी येतं. बायका रात्री दोनला उठून हंडे भरतात. त्याच नदीच्या उगमाकडे एका खासगी शहराला बंधारे घालून पाणी अडवायची परवानगी मिळाली होती. भीमेच्या खोऱ्यातला प्रत्येक थेंब कोणाच्या तरी वाट्याचा असतो, हे माढ्यापासून मंगळवेढ्यापर्यंतच्या शेतकऱ्याला पाठ आहे. तरीही त्या वेळी सोलापुरातून कोणी मोर्चा काढला नाही, महानगरपालिकेच्या सभागृहात ठराव झाला नाही. पाणी वरून येतं आणि प्रश्न मात्र वर जात नाहीत.

३० ऑगस्ट २०१८ रोजी लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. साडेसहा हजार कोटींच्या वरचे दावे मान्य झाले. त्यात बँका होत्या आणि आठशेच्या वर घरं घेणारे होते. ही माणसं म्हणजे पुण्या-मुंबईतले निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, परदेशात नोकरी करून दोन पैसे मागे टाकलेली जोडपी असावीत, असं मला वाटतं, कारण थंड हवेतल्या छोट्या घराचं स्वप्न याच थराला विकलं जात होतं. २०२३ च्या जुलैमध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या कंपनीची १,८१४ कोटींची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. कंपनीने ठरलेले पैसे भरले नाहीत आणि २०२४ मध्ये ती मंजुरी रद्द झाली. घर घेणारे पुन्हा रांगेच्या शेवटी. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या तेव्हा ही रांग कशी असते हे सोलापूरने पाहिलं आहे. आधी बँक, मग सरकार, आणि माणूस सर्वांत मागे.

आणि वरची खुर्ची? २०१८ नंतरही अजित गुलाबचंद एचसीसीचे अध्यक्ष राहिले. कायद्याने त्यात वावगं काही नाही. लवासा ही वेगळी कंपनी, एचसीसी वेगळी. लवासासाठी त्यांना शिक्षा झालेली नाही आणि मी त्यांना गुन्हेगार म्हणत नाही. पण हा कागदावरचा वेगळेपणा किती सोयीचा आहे बघा. नफा होईल तेव्हा तो समूहाचा, गाळात जाईल तेव्हा ती दूरची पोटकंपनी. तिचं नाव विकलं गेलं ते एचसीसीच्या आणि वालचंदांच्या पुण्याईवर. लोकांनी पैसे टाकले ते 'कोयना बांधणाऱ्यांचं शहर आहे, बुडणार नाही' या भरवशावर. तो भरवसा कोणत्याच ताळेबंदात लिहिलेला नसतो, म्हणून बुडाला तरी त्याची वसुली होत नाही.

एक परदेशातलं उदाहरण देतो, कारण त्यात आपणही आहोत. नॉर्वेची यारा ही खत कंपनी. तिचं खत आपल्याकडच्या द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत पडतं. २००४ साली ती जुन्या हायड्रो कंपनीतून वेगळी झाली तेव्हा तिचे पहिले मुख्याधिकारी होते थोरलाइफ एंगर. पुढे नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीची झडती घेतली. लिबियात आणि आपल्या भारतात लाच दिल्याचा आरोप होता. भारतातला पैसा खत मंत्रालयातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाच्या नावे गेला होता. २०१४ मध्ये कंपनीने २९.५ कोटी क्रोनरचा दंड मान्य केला. पण तपास कंपनीच्या दंडापाशी थांबला नाही. एंगर आणि आणखी तीन वरिष्ठ अधिकारी पिंजऱ्यात उभे राहिले. २०१५ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने चौघांनाही दोषी धरलं. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने एंगर यांच्यासह तिघांना निर्दोष सोडलं, आणि कायदा विभागाचे प्रमुख केन वॉलेस यांना सात वर्षांची शिक्षा दिली.

या गोष्टीत नॉर्वे थोर आणि आपण वाईट असं काही मला म्हणायचं नाही. लाच देणारी कंपनी तिथलीच होती. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. एंगर निर्दोष सुटले, हाही एक निकाल आहे. देशातली एक वजनदार खुर्ची भरन्यायालयात आली, तिला नावानिशी प्रश्न विचारले गेले, तिने उत्तरं दिली, आणि मग ती मोकळी झाली. आपल्याकडे अजित गुलाबचंद यांच्यासारख्या माणसाला ना डाग पुसून मिळतो, ना डाग सिद्ध होतो. पर्यावरण खात्याने झाडं आणि डोंगर पाहिले, कॅगने कागद पाहिले, न्यायाधिकरणाने देणी पाहिली. या सगळ्यांचा एकत्र जाब मागणारं कोणी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लवासाविरुद्धची जनहित याचिका निकाली काढली. प्रकल्पामागच्या राजकीय वजनाची नोंद न्यायालयाने केली, पण फार उशीर झाला आहे म्हणून हस्तक्षेप केला नाही. मोसे खोऱ्यातल्या माणसाला या 'उशिरा'चा अर्थ विचारा. तो तर पहिल्या दिवसापासून ओरडत होता.

ज्यांच्या हातात खरी सूत्रं होती त्या मंत्र्यांना आणि महामंडळांना सोडून एकट्या उद्योजकाला धरणंही बरोबर नाही. जमीन सरकारने दिली, दर्जा सरकारने दिला, डोळे सरकारने मिटले. सत्तेतले पक्ष बदलले तरी ही फाइल कोणी शेवटपर्यंत उघडली नाही. पण म्हणून उद्योजक सुटत नाही. सरकारने देऊ केलं ते सगळं घ्यायलाच हवं, अशी सक्ती कोणावर नव्हती.

माझं मागणं साधं आहे आणि ते सोलापुरातच आहे. वालचंदांच्या नावाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेची मुलं धरण शिकतात, रस्ते शिकतात, पूल शिकतात. त्यांना लवासाही शिकवा. डोंगर कापायला कोणती परवानगी लागत होती, ती कधी मागितली, पाणलोटात बंधारा घातला की खालच्या गावाचं काय होतं, कर्ज कोणत्या वर्षी कमाईच्या पुढे गेलं, घर घेणाऱ्याला काय सांगितलं होतं, हे सगळं कागदपत्रांसह शिकवा. कॅगचा अहवाल उपलब्ध आहे, न्यायालयांचे निकाल उपलब्ध आहेत. २३ नोव्हेंबरला जयंतीच्या कार्यक्रमात एक तास बार्शी रेल्वेला द्या आणि एक तास लवासाला. आणि जमल्यास अजित गुलाबचंद यांनाच बोलवा. त्यांच्या आजोबांचं गाव आहे, मान मिळेल. फक्त भाषण झाल्यावर मुलांना प्रश्न विचारू द्या.