फितूर पाणी

आयर्लंडच्या ओ'नील घराण्याचा नवा प्रमुख गादीवर बसताना टलीहोगच्या टेकडीवर ओ'काहान नावाचा सरदार त्याच्या डोक्यावरून जोडा भिरकावायचा. हे वाचल्यापासून माझी व्याख्यानांची भीती गेली. श्रोत्यांतून चप्पल आली आणि वरून गेली, की राज्याभिषेक. (नेम चांगला असेल तर विषय वेगळा.) १६०२ साली इंग्रज सेनापती माउंटजॉयने तिथलं दगडी सिंहासनच फोडलं. माझं व्यासपीठ अजून कुणी इतकं मनावर घेतलेलं नाही.

आयरिश लोकसमजुती मला पटतात, कारण त्यांत दोष जमिनीचा असतो. वाट चुकलात? चकव्याच्या ढेकळावर पाय पडला. कोट उलटा घाला. चालताना एकाएकी भुकेने गळाठलात? भुकेच्या गवतावर पाय पडला. खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवा. मध्यरात्री फ्रीजपाशी सापडल्यावर मी बायकोला हेच सांगितलं. "गवत दाखव," ती म्हणाली.

पण माझा जीव अडकलाय तो पाय धुतलेल्या पाण्यात. रात्री ते घरात ठेवायचं नाही, बाहेर ओतायचं, कारण ते फितूर. बाहेरून पऱ्यांनी हाक मारली की आतून दार उघडून देतं. दाराला आडणा घाला, कडी लावा, काय उपयोग? घरभेदी घंगाळात बसलेला! ऑस्कर वाइल्डच्या आईने १८८७ साली छापलेल्या संग्रहात शिंगवाल्या चेटकिणी दाराशी येऊन घरधनिणीला नव्हे, या पाण्याला हाक मारतात. पण तिने ते आधीच उंबऱ्यापाशी शिंपडलेलं. जमिनीवर सांडलेलं पाणी उठणार कसं? आणि ते पाणी होतं तिच्या लेकराचे पाय धुतलेलं.

आई दारातच ओरडायची, "आधी पाय धू!" मला तो माझ्या महागड्या बुटांचा अपमान वाटे. आता कुणी ओरडत नाही, आणि मी पाय न धुता थेट सोफ्यावर बसतो. बसवत नाही फार वेळ.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने शाळकरी मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यांत परी नाही, चेटकीण नाही, असंही बरंच आहे: मोठी होईपर्यंत अनवाणी राहिलेली माणसं, आणि रविवारी चर्च जवळ येईतो हातात धरलेले बूट. मीही पावसाळ्यात लग्नाला जाताना बूट पिशवीत नेतो आणि कार्यालयाच्या दाराशी घालतो. त्यांना तो जोड वर्षानुवर्षं पुरवायचा असे. मला तो व्याह्यांना दाखवायचा असतो. आणि मांडवात शिरताना तो काढावा लागतो, वर तिथेच उभं राहून राखणही करावी लागते.