इन्सिनरोर सर्वत्र, बाकी तुरळक

नव्या हंगामात कोण चालणार असं मला जो कोणी विचारतो, त्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत मी सांगून मोकळा होतो: इन्सिनरोर. आजवर एकानेही येऊन जाब विचारलेला नाही.

पोकेमॉन म्हणजे टीव्हीवरचा पिवळा उंदीर, एवढ्यावरच ज्यांची गाडी थांबली आहे त्यांना थोडक्यात सांगतो. या राक्षसांच्या झुंजीची व्हिडिओ गेमवर रीतसर जागतिक स्पर्धा होते, २००९ पासून. खेळाडू सहा जण घेऊन येतो, समोरच्याचे सहा बघतो, मग आपल्यातले चार निवडतो आणि दोन-दोनच्या जोडीने उतरवतो. प्रत्येकाकडे चार मूव्ह, अंगभूत एक क्षमता, हातात एक वस्तू. प्रकार अठरा. आगीला पाणी भारी, पाण्याला गवत भारी, आणि पुढे ते कोष्टक इतकं वाढतं की माझ्या भाच्याला सतराचा पाढा येत नाही, पण परीवर विष आणि पोलाद चालतं हे तो झोपेतून उठवलं तरी सांगतो.

कोणते पोकेमॉन चालतील आणि कोणते घरी बसतील, याचं फर्मान कंपनी दर काही महिन्यांनी काढते. फर्मान निघालं की त्याच रात्री जगभरचे तज्ज्ञ दिवे लावून बसतात आणि पहाटेपर्यंत नव्या हंगामातल्या सर्वांत ताकदवान टीम जाहीर होतात. तोवर एकही सामना झालेला नसतो. हे फार महत्त्वाचं आहे. सामने सुरू झाल्यावर अंदाज बांधणं अवघड जातं.

या याद्यांना प्रतवारी असते. सर्वांत वर ‘एस’, मग ‘ए’, ‘बी’, ‘सी’. ‘एस’मध्ये कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यात काही कौशल्य नाही. खरं कसब ‘बी’च्या तळाशी. तिथे तज्ज्ञ वीसेक नावं ‘योग्य हातात धोकादायक’ असा शेरा मारून ठेवून देतो. त्यातलं एखादं गाजलं की ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. उरलेली एकोणीस बिचारी योग्य हातांची वाट बघत बसतात.

आता आपल्या वाघाकडे वळू. इन्सिनरोर हा आग आणि अंधार प्रकारातला, पट्ट्याच्या जागी ज्वाळा असलेला, खलनायकी थाटाचा पहिलवान. २०१६च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांतून तो आला. २०१८मध्ये त्याला इंटिमिडेट ही क्षमता मिळाली आणि तेव्हापासून त्याने इतरांना सुखाची झोप लागू दिलेली नाही. त्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. मैदानात पाय टाकला की समोरच्या दोघांच्या हल्ल्याची धार एक पायरी उतरते. आल्या आल्या फेक आउट मारतो, त्या फेरीत एक जण गपगार. मग पार्टिंग शॉट, म्हणजे जाता जाता चार शेलक्या शिव्या हासडणं. तेवढ्याने समोरच्याची ताकद आणखी घटते, आणि हा स्वतः बाहेर जाऊन दुसऱ्याला आत धाडतो. फेक आउट फक्त आल्या आल्याच मारता येतो, म्हणून थोड्या वेळाने हा पुन्हा नव्याने येतो. पुन्हा धाक, पुन्हा थप्पड, पुन्हा शिव्या. सामना जिंकतो दुसराच कोणीतरी. याचं नाव तेवढं वापराच्या आकडेवारीत वर राहतं. कुठल्याही कार्यालयात नोकरी केलेल्या माणसाला याचं यश समजायला आकडेवारी लागू नये.

म्हणून माझा अंदाज ठाम आहे. परवानगीच्या यादीत इन्सिनरोर असला तर इन्सिनरोर चालेल. नसला तर जो इन्सिनरोरचं काम करेल तो चालेल. हे विधान २०१८पासून कधीही केलं असतं तरी खोटं पडलं नसतं, आणि भविष्यवेत्त्याला आणखी काय हवं असतं?

तज्ज्ञांची दुसरी आवडती जागा म्हणजे हवामान. या खेळात पाऊस पाडता येतो, ऊन पाडता येतं, वाळूचं वादळ आणि बर्फही. पेलिपर नावाचा बादलीएवढ्या चोचीचा पक्षी आला की पावसाला सुरुवात. पाऊस पाच फेऱ्या टिकतो, हातात ओला दगड असेल तर आठ. पावसात काही जलचर दुप्पट वेगाने धावतात. टॉरकोल हे पाठीतून धूर सोडणारं कासव उतरलं की लख्ख ऊन, आणि मग उन्हावर पोसणाऱ्या वनस्पती सुसाट. तज्ज्ञांचं निवेदन मात्र आपल्या हवामान खात्याच्या पत्रकासारखं असतं: पेलिपर सक्रिय झाल्याने बऱ्याच ठिकाणी मुसळधार, टॉरकोल पुढे सरकल्यास उघडीप, तुरळक ठिकाणी वाळू, आणि उत्तरेकडे बर्फाची शक्यता नाकारता येत नाही. चारही हवामानं सांगून ठेवली की एक तरी खरं ठरतंच.

पण अंदाज अगदी तंतोतंत खरे ठरलेले हंगामही झाले, आणि तेच जास्त मजेशीर आहेत. २०२३च्या सुरुवातीला फक्त पाल्डिया या नव्या प्रदेशातले पोकेमॉन खेळायला परवानगी होती. त्यात डोंडोझो हा अवाढव्य मासा आणि ततसुगिरी हा सुशीच्या तुकड्यासारखा दिसणारा चिमुकला. दोघे एकत्र मैदानात आले की चिमुकला अवाढव्याच्या तोंडात जाऊन बसतो. त्या क्षणी अवाढव्याचे हल्ला, बचाव, वेग असे पाचही गुण दुप्पट होतात. आतल्याला कोणी हात लावू शकत नाही आणि बाहेरच्याला मैदान सोडून जाता येत नाही. या क्षमतेचं नाव कमांडर, आणि ती आहे आत बसलेल्याकडे. मराठी वाचकाला ही व्यवस्था उदाहरणं देऊन समजावण्याची गरज नसावी.

जोडी भयंकर ठरणार असं भाकीत झालं, आणि जोडी दिसूही लागली. मग हे सगळं पुसून टाकणारा उतारा प्रत्येक जण घेऊन फिरू लागला. अमूंगस नावाचं भूछत्र क्लिअर स्मॉग सोडतं, आणि वाढवून घेतलेला सगळा तोरा एका फुंकरीत शून्यावर. भाकीत वाचलेला माणूस मासा आणतो, मासा येणार हे भाकीत वाचलेला माणूस भूछत्र आणतो, भूछत्र येणार हे ज्याने वाचलं तो भूछत्राला भाजणारं काहीतरी आणतो. अशा वेळी हा सगळा पसारा बघून एखादा शहाणा म्हणतो, आता माशाची भीती कोणाला राहिली नाही, चला मासा आणू. या साखळीत कुठेही, कोणीही, काहीही म्हटलेलं असो, आठवडाभर तरी ते बरोबर असतं.

सांगायचं म्हणजे या खेळात अंदाज हाच एक डाव आहे. ज्याला खरोखर काही सापडलेलं असतं तो ते जगाला सांगत नाही. आपल्या चार मित्रांबरोबर दार लावून सराव करतो आणि स्पर्धेच्या सकाळी यादी जमा करतो. जे आपल्याला मोफत सांगितलं जातं ते सांगणाऱ्याला स्वतःला नको असलेलं असतं. मी माझा इन्सिनरोर इतक्या सढळ हाताने वाटतो, यावरून काय ते ओळखा.

२०१६चं वर्ष घ्या. त्या हंगामात अंदाजाचा कळस झाला होता. झर्निअस, ग्राउडन, कँगस्खान, सॅलमेन्स, स्मीअरगल आणि टॅलनफ्लेम, या सहा जणांना ‘बिग सिक्स’ म्हणत. जिकडे तिकडे हेच सहा. आरशात बघून खेळल्यासारखे सामने होत. तज्ज्ञांना इतकं निर्विवाद यश क्वचितच लाभलं असेल. आणि सॅन फ्रान्सिस्कोला जागतिक विजेता ठरला अमेरिकेचा वुल्फ ग्लिक. त्याचे सहा: क्योगर, रेक्वेझा, गेंगार, रायचू, हिटमॉनटॉप, ब्राँझाँग. सहापैकी एकही जुळत नाही. अंदाज शंभर टक्के खरा, फक्त करंडक दुसरीकडे गेला.

त्याच्या दोन वर्षं आधीची खार तर या धंद्याच्या उरावर कायमची बसलेली आहे. २०१४, वॉशिंग्टन. दक्षिण कोरियाचा से जुन पार्क अंतिम फेरीत पाचिरिसू घेऊन उतरला. पाचिरिसू ही पांढरी-निळी, गालाला ठिणग्या असलेली खार. तिचे सगळे गुण मिळून ४०५. तिच्याच टीममधल्या गार्चोम्पचे ६००. प्रतवारीत ती कुठे होती हे विचारू नका, प्रतवारी जिथे संपते त्याच्या खाली आणखी बरीच जागा असते. पण पार्कच्या टीममध्ये गाराडोस हा समुद्री सर्प होता, आणि त्याला विजेचं भारी वावडं. खार फॉलो मी करून शत्रूचे घाव स्वतःवर ओढून घ्यायची, आणि तिची क्षमता अशी की वीज अंगावर पडली तर इजा व्हायच्या ऐवजी तब्येत सुधारते. त्यातून ती चिवट केलेली. ड्रॅको मीटिअर हा ड्रॅगन जातीचा सणसणीत घाव अंगावर घेऊन ती उभी राहिली, तेव्हा प्रेक्षागृहात जो आरडाओरडा झाला तो आजही लोक काढून काढून ऐकतात. पार्क जगज्जेता झाला. त्यानंतर ‘योग्य हातात धोकादायक’ या शेऱ्याचा भाव जो वधारला तो उतरलेला नाही.

माझा भाचा खारवादी आहे. त्याचा स्विच, म्हणजे निन्टेंडो कंपनीचं हा खेळ खेळायचं यंत्र, दुबईच्या काकांच्या बॅगेतून आलं, कारण निन्टेंडो आपल्याकडे अधिकृतपणे दुकान मांडत नाही. परवा त्याने मला टीम दाखवली.

‘‘यात इन्सिनरोर कुठाय?’’ मी विचारलं.

‘‘नाहीये. सगळे त्याचीच तयारी करून येतात, मामा.’’

‘‘सगळे तयारी करून येतात तरी तो इतका चालतो कसा?’’

‘‘तयारी म्हणून काय आणतात माहितीये? इन्सिनरोर.’’

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, ‘‘त्याच्या दहावीचीही कोणीतरी तयारी करा.’’ यावर आम्हा दोघांकडेही उतारा नव्हता. आजूबाजूला भूछत्र असतं तर सोडलं असतं.

हरल्यावर काय म्हणायचं याचीही तज्ज्ञाकडे सोय असते. रॉक स्लाइड घ्या. दगडांचा वर्षाव, समोरच्या दोघांवर. लागण्याची शक्यता ९० टक्के, लागला तर बिचकून फेरी वाया जाण्याची ३०. समोरचे दोघे तुमच्यापेक्षा संथ असतील तर दोघांतला निदान एक तरी बिचकण्याची शक्यता जवळपास ४७ टक्के निघते. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. समोरचा सलग तीन फेऱ्या बिचकला तर त्याला आमचं वेगावरचं नियंत्रण म्हणतात. आमचा बिचकला तर त्याला नशीब म्हणतात.

काही हारींना मात्र ही सोयही पुरत नाही. २०२३मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत बरेच खेळाडू बाद झाले. त्यांच्याकडचे पोकेमॉन खेळात पकडलेले नव्हते, बाहेरच्या सॉफ्टवेअरने घडवलेले निघाले. ताकदवान टीमच्या सगळ्या याद्या मी चाळल्या आहेत. हा धोका ‘सी’मध्येसुद्धा कोणी धरला नव्हता.

तर यंदा. जागतिक स्पर्धा ऑगस्टमध्ये, पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला, आणि ती ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ या नव्या खेळावर होणार आहे. मेगा इव्होल्यूशन परत आलं आहे, म्हणजे एका लढतीत आपल्यातल्या एकाला आणखी दांडगं रूप देता येतं. जुने लोक मेगा कँगस्खानच्या आठवणीने हळवे होतील. त्या आईच्या पोटपिशवीतलं पोर बाहेर येऊन आईपाठोपाठ आणखी एक गुद्दा ठेवून द्यायचं, आणि त्या काळात याला कोणी अन्याय म्हणत नसे, संस्कार म्हणत. नव्या रूपांमध्ये एक मेगा स्टारमी आहे, म्हणजे लांबलचक पाय फुटलेला तारामासा. त्याला पाहून लोक फार हसले. हसले म्हणजे तयारी करणार नाहीत, असा माझा होरा. आणि तयारी केली तर तोही मीच सुचवलेला उतारा समजावा.

आता वाचक टीमची मागणी करणार. घ्या. पहिली जागा इन्सिनरोर, किंवा त्याच्या जागी जो असेल तो. दुसरी, एक मेगा. कोणतं ते हवामान पाहून ठरवावं. तिसरी, वेग वाढवणारा कोणीतरी, आणि चौथी, वेग उलटा करणारा, म्हणजे ट्रिक रूम लावून पाच फेऱ्या कासवांना पुढे काढणारा. दोन्ही एकाच टीममध्ये कशाला, असं भाचा विचारतो; त्याला अंदाज बांधावे लागत नाहीत, नुसतं जिंकायचं असतं. पाचवी आणि सहावी जागा मी तूर्त मोकळी ठेवतो आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा निकाल लागला की तिथे दोन नावं घालू, आणि वरची तारीख आहे तीच ठेवू.