वेस्ट विंडसर येथील आंबट चेरी : लागवड, राखण आणि विनियोग

न्यू जर्सीच्या मर्सर काउंटीत, प्रिन्स्टन जंक्शन स्थानकाच्या आसपास वसलेल्या मराठी गृहस्थाने परसात आंबट चेरी अवश्य लावावी, कारण कढीपत्त्याची कुंडी दर हिवाळ्यात दिवाणखान्यात आणून जपावी लागते, तर या झाडाला उलट थंडीच हवी असते. 0 ते 7 अंश सेल्सिअसमधले सुमारे 1000 तास, ज्यांना ‘शीततास’ म्हणतात, पदरात पडल्याखेरीज त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. वाण ‘मॉन्टमोरेन्सी’ घ्यावा. तो मूळचा फ्रान्सचा, लाल सालीचा, पिवळसर गराचा आणि स्वफलित, म्हणजे फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाच्या शेजाराची गरज नसलेला आहे. जागा बेताची असल्यास मिनेसोटा विद्यापीठाचा ‘नॉर्थ स्टार’ हा बुटका वाण पुरतो, आणि वसाहतीच्या नियमावलीवर बोट ठेवणाऱ्या शेजाऱ्यास तो शोभेचे झुडूप म्हणून दाखवता येतो.

रोप वसंताच्या आरंभी, भरपूर उन्हात आणि पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत लावावे. याच सुमारास गृहस्थाचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर, बहुधा सहा महिन्यांच्या मुदतीने येतात, हा योगायोग समजू नये. आळे करणे, गळलेली रोगट पाने वेचणे आणि हरणांवर लक्ष ठेवणे ही कामे त्यांच्याकडे न सांगता जातात. हरणे कोवळे शेंडे खातात व नर खोडावर शिंगे घासून साल काढतात. त्यांना मराठीत हाकलून उपयोग होत नाही. इंग्रजीतही होत नाही, म्हणून उंच जाळीचे कुंपण घालावे.

तीन ते पाच वर्षांनी फळ धरते आणि ते जूनच्या उत्तरार्धात पिकते. या शास्त्रातील खरी अडचण येथेच आहे, कारण शाळा त्याच सुमारास सुटतात, मुंबईची तिकिटे कधीच काढून झालेली असतात, आणि कुटुंब विमानात असताना रॉबिन व स्टारलिंग हे पक्षी संपूर्ण तोडणी विनामोबदला उरकतात. फळाला रंग चढताच झाडावर जाळे टाकावे, अथवा तिकिटे जुलैची काढावीत. दुसरा उपाय अधिक खर्चाचा आहे.

तोडलेली चेरी पुढे पिकत नाही आणि फार टिकतही नाही. देठाच्या बाजूने केसांचा आकडा खुपसून बी हलकेच उचकटावी. रस कोपरापर्यंत ओघळतो, म्हणून पांढरा सदरा वर्ज्य. मग तेलात मोहरी, मेथी, हिंग यांची फोडणी करून चेरी, तिखट, मीठ आणि गूळ घालून शिजवले की मेथांबा होतो. एडिसनच्या ओक ट्री रोडवर कैरी मिळत असताना हा खटाटोप का, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या कक्षेबाहेरचा आहे. ऑक्टोबरात आईवडील परततात तेव्हा एक बरणी पुण्याला रवाना करावी. मात्र ती हातातल्या पिशवीत देऊ नये, कारण विमानतळावरील सुरक्षा तपासणीत मेथांबा द्रवपदार्थात मोजला जातो.