बेसिकवाले नाना

“आपल्याला काय, बेसिक पाहिजे,” हे नानांचं पालुपद. चष्म्याची फ्रेम बेसिक, मोबाइल बेसिक, मुलीच्या लग्नातला मांडवसुद्धा बेसिक. आता बेसिक म्हणजे पटकन उरकणारं काहीतरी, असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा नानांबरोबर छत्री घ्यायला जावं. दोन रविवार मोडतात आणि तिसऱ्या रविवारी पावसाळा संपलेला असतो.

त्यामुळे “घरी नेट घ्यायचंय, अगदी बेसिक,” असं ते मला जिन्यात म्हणाले, तेव्हाच मला पुढचं दिसायला लागलं. चौदा महिने लागले.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेची. चार मजली, जुनी, लिफ्ट नसलेली. गच्चीवरून शेजारच्या बिल्डिंगीत गेलेल्या काळ्या केबलींचा एवढा गुंता की त्यात अडकलेला पतंग पुढच्या संक्रांतीलाच काय तो सुटावा. तिसऱ्या मजल्यावर नाना आणि माई, समोरच्या दारात मी. नाना रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले. चार आणे जुळले नाहीत तर डबा तसाच परत आणणारी एक पिढी त्या खात्यात होती, तिच्यातले ते शेवटचे असावेत.

त्यांनी एका जुन्या डायरीत तक्ता आखला. कंपनी, वेग, भाडं, जीएसटी, डिपॉझिट, जोडणीचा खर्च आणि शेवटचा रकाना ‘शंका’. हा शेवटचा रकाना आठवड्याभरात भरून वाहायला लागला, म्हणून शंकांना स्वतंत्र वही मिळाली. आता एवढ्या संशोधनाला नेट लागणारच. ते माझं होतं. “पाच मिनिटं तुझं वायफाय दे रे, दर बघायचेत,” म्हणून त्यांनी पासवर्ड लिहून घेतला. पासवर्ड ही वस्तू अशी, की ती परत कर म्हणायचीही सोय नाही.

नाना या विषयात नवखे आहेत असं मात्र कुणी समजू नये. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून ते ‘भाव जरा उतरू दे’ म्हणून थांबलेले आहेत. मधे एकदाच मोह झाला. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ साली आलं, त्यानंतर त्यांचा एक प्लॅन निघाला, ज्यात रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा, मोजणी नाही. वेग २५६ केबीपीएस. बिनमोजणीचे सहा तास असे समोर ठेवल्यावर नानांना झोप कशी लागावी? एक पंचावन्नचा गजर लावून ते स्वेटर घालून काँप्युटरपुढे बसत. अमेरिकेतल्या भाच्याच्या लग्नाची चित्रफीत ७०० एमबीची होती. नानांनी आधी कागदावर हिशेब केला. सेकंदाला ३२ केबी धरले तर सहा तास तेरा मिनिटं. म्हणजे आठ वाजता लग्न लागत आलेलं असणार आणि मीटर सुरू होणार. आठला दोन मिनिटं असताना त्यांनी डाउनलोड थांबवलं आणि उरलेल्या पंधरा मिनिटांसाठी दुसऱ्या रात्री पुन्हा दोनला उठले. माई सांगतात, “अक्षता पडल्या तेव्हा हे एकटेच जागे होते. मी आशीर्वाद झोपेतच दिला.”

पुढे मुलगी बंगळुरूला गेली, काँप्युटर गेला, लँडलाइनही गेली आणि मोबाइलच्या डेटावर घर चालायला लागलं. मग नात झाली. माईंची मागणी एका वाक्याची होती. “तिचं तोंड हललं की तेव्हाच आवाज यायला हवा, मागाहून नको.” या एका वाक्यापायी तो तक्ता सुरू झाला होता.

कंपन्यांची पोरं येत. टी-शर्ट घातलेली, पाठीवर बॅग, तीन जिने चढून धापा टाकणारी. नाना आधी पाणी देत, मग खुर्ची देत आणि मग डायरी उघडत. त्यातली एक मुलाखत मी स्वतः बसून ऐकली आहे.

“काका, तीस एमबीपीएस, अनलिमिटेड, फक्त ३९९.”

“फक्त नाही. अठरा टक्के जीएसटी धर. ४७० रुपये ८२ पैसे.”

मुलाने मोबाइल काढून गुणाकार केला. बरोबर होतं. तिथेच तो निम्मा खचला.

“आणि हे तीस काय?”

“तीस एमबी, काका.”

“एमबी नव्हे, मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. आठाने भाग. पावणेचार. म्हणजे तू तीसचं माप सांगतोस आणि पावणेचार ओततोस.”

“सगळेच असंच सांगतात काका.”

“तेच तर म्हणतोय मी.”

मग ‘अनलिमिटेड’च्या डोक्यावरची चांदणी. भिंग आलं. पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत महिन्याला ३३०० जीबी असं निघालं. अनलिमिटेडला लिमिट कसं, यावर वीस मिनिटं गेली. पोरगा बिचारा, “काका, एवढं कोणी वापरतच नाही हो,” म्हणत राहिला. त्या वाक्याखाली नानांनी वहीत रेघ मारली. ती कशासाठी ते मला पुढे कळलं.

“बरं, दोनचा प्लॅन दाखव.”

“दोन काय?”

“दोन एमबीपीएस. २००४ च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. २०१३ साली ५१२ केलं. २०२३ साली दोन एमबीपीएस. अख्ख्या देशाला दोनला ब्रॉडबँड म्हणतात, तर आम्हा दोघांना तीस कशाला?”

तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याने ती नोकरी सोडली असं माई म्हणतात, पण माईंना प्रत्येकाचं वाईट वाटतं.

खरी कोंडी मात्र पुढेच होती. भाजीसारखा वेगाचाही भाव काढावा म्हणून नानांनी रुपयांना एमबीपीएसने भागलं. ३९९ ला ३०, म्हणजे एक एमबीपीएस १३ रुपये ३० पैशांना. ६९९ ला १००, म्हणजे ६ रुपये ९९ पैशांना. मोठा प्लॅन निम्म्या भावात! रात्रभर त्यांना झोप नाही. स्वस्त घ्यावं तर महाग पडतंय आणि महाग घ्यावं तर स्वस्त. सकाळी दूध घेताना माझ्या दारात उभे राहून म्हणाले, “कोथिंबिरीच्या चार जुड्या दहाला मिळतात म्हणून काय चारही घ्यायच्या?” मी नाही म्हटलं. “पण एकच घेतली तर तीही दहालाच,” असं म्हणून ते आत गेले. अशी माणसं पैसे वाचवतात असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही. पैसे वाचवायचे असते तर पहिल्या आठवड्यातच पहिला स्वस्त प्लॅन घेऊन ते मोकळे झाले असते. ही माणसं घासाघीस चाखतात, आणि वस्तू घरात आली की ते चाखणं संपतं.

पण नात आजोळी यायची होती आणि तिची आई घरूनच काम करणार होती, म्हणून अखेर ३९९ वाला आला. सहा महिन्यांचे आगाऊ भरले तर जोडणी फुकट होती. सहा महिन्यांत कंपनी बुडली तर, ही शंका क्रमांक ८७. ती तशीच ठेवून नानांनी पैसे भरले. राऊटर देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात बसला. माईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, तो गरम होतो म्हणून काढला, उघडा बरा दिसत नाही म्हणून पुन्हा घातला. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर वाचून नानांनी रात्रीची महिन्याला जास्तीत जास्त तीन युनिटं काढली आणि साडेनऊला बटण बंद करायचा नियम केला.

महिना संपला. नानांनी अ‍ॅप उघडलं आणि मला हाक मारली. आवाज असा, की मी चप्पल न घालताच धावलो.

वापर, ४१ जीबी.

“३२५९ जीबी गेले,” नाना म्हणाले.

“गेले नाहीत हो नाना, वापरले नाहीत.”

“तेच ते. पुढच्या महिन्यात मिळतात का?”

मिळत नाहीत. दोन माणसांना पंगतीचा भात शिजवावा आणि तो डोळ्यांदेखत ओतून द्यावा लागावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. वहीतली ती रेघ मारलेली ओळ त्यांनी मला दाखवली. एवढं कोणी वापरतच नाही. “त्याला माहीत होतं,” ते म्हणाले.

आणि मग या माणसाने जे केलं ते मी आयुष्यात अपेक्षिलं नव्हतं. वॉचमनच्या दहावीतल्या मुलीला हाक मारून त्यांनी आपली खुर्ची दिली. “इथे बसून बघ गणिताचे धडे. मोठ्या क्लिअरिटीत बघ, बारीक कशाला?” इस्त्रीवाल्याच्या मोबाइलमध्ये पासवर्ड स्वतः घातला. दुसऱ्या मजल्यावरची पोरं, जी पूर्वी क्रिकेटच्या बॉलसाठी बेल वाजवायला घाबरत, ती संध्याकाळी नानांच्या हॉलमध्ये ओळीने बसलेली. माई पोह्यांची परात घेऊन येत, त्या पोह्यांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही. साडेनऊचा नियमही मोडला. महिन्याच्या २७ तारखेला नाना हॉलमधून येरझाऱ्या घालत होते. “अजून २९०० आहेत. करताय काय तुम्ही सगळे?”

परवा रात्री बेल वाजली. नाना, हातात डायरी.

“तुझं कनेक्शन पुढच्या महिन्यात संपतंय ना? नूतनीकरण करू नकोस. माझं वापर.”

“तुमचं माझ्याकडे पोचेल का?”

“दारं समोरासमोर आहेत. खिडकीपाशी दोन रेघा मिळतात, सोफ्यावर तीन. चौदा महिने मी उलट दिशेने तपासलंय.” मग डायरी उघडून म्हणाले, “४७० रुपये ८२ पैसे. भागिले दोन. तुझे २३५ रुपये ४१ पैसे.”

“नाना, आणि ते चौदा महिने?”

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी असं काही विचारीन याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं.

“ते संशोधन होतं,” ते म्हणाले. मग आकड्यावर जरा वेळ पेन्सिल धरली आणि शेवटचा भाग खोडला. “वरचे ४१ पैसे नको देऊस. शेजारी आहेस.”