नानांचा जडसंग्रह

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवा फ्रिज आला की पेढे वाटायच्या आत नाना हजर होतात. फ्रिज किती लिटरचा, किती ताऱ्यांचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. "खोकं टाकणार नाही ना?" एवढंच ते विचारतात. तुम्ही "न्या की" म्हणेपर्यंत खोकं जिन्यातून खाली जायला लागलेलं असतं.

असे नाना प्रत्येक इमारतीत असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे ते काकूंच्या रूपात वावरतात. ओळखायची खूण एकच: बाटलीतलं तेल अर्धं असतानाच त्यांना बाटलीचा पुढचा जन्म दिसू लागतो. शाम्पूच्या बाटलीत पेंग्विन, अंड्यांच्या ट्रेत सुरवंट, फाटक्या मोज्यात हत्ती. मोजा अजून तुमच्या पायात आहे, ही त्यांच्या दृष्टीने तात्पुरती अडचण.

आमचे नाना पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. सरकारी भांडारात वस्तू आली की ती जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि एकदा चढली की उतरता उतरत नाही. तीन पायांची खुर्ची टाकायची म्हटली तरी प्रस्ताव, पाहणी, समिती, मंजुरी आणि मग निर्लेखन. तोवर साहेबांची बदली होते आणि नवे साहेब पहिल्यापासून सुरुवात करतात. अशा खात्यात जन्म गेलेल्या माणसाला घरातली रिकामी काडेपेटी कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगणं म्हणजे त्याच्याकडून अफरातफर करवून घेणंच.

निवृत्त झाल्यावर नानांनी घरी नवी नोंदवही घातली. गॅलरीत मांडण्या, मांडण्यांवर डबे आणि डब्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या. 'काड्या, कुल्फीच्या (धुतलेल्या)'. 'काड्या, कुल्फीच्या (धुवायच्या)'. 'लग्नपत्रिका, गणपतीसह'. 'लग्नपत्रिका, गणपती कापलेल्या'. 'पिस्त्याची टरफले'. 'सीडी, ओरखडे पडलेल्या'. सगळ्यांत मोठ्या डब्यावर लिहिलंय: 'उपयोग नंतर ठरेल'. एका कप्प्यात सलाईनच्या जुन्या नळ्या आहेत. एके काळी त्यांच्या पट्ट्या विणून मासे करायचे आणि ते किल्ल्यांना लटकवायचे. असा मासा नव्हता असं घर तेव्हा शोधावं लागलं असतं. आता दवाखान्यातल्या नळ्या नियमानुसार लाल पिशवीत जातात. ते योग्यच आहे हे नानांना पटतं, पण कबूल करताना त्यांचा आवाज जरा पडतो. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या ताटांपुढे 'दुर्मीळ' असा शेरा मारला.

गॅलरी अशी भरल्यामुळे कपडे दिवाणखान्यात वाळत घालावे लागतात म्हणून नानांच्या पत्नीने, माईंनी, पुष्कळ वर्षं तक्रार केली. आता त्या एकच वाक्य बोलतात, "मी गेले की हे माझाही पेनस्टँड करतील."

यात अतिशयोक्ती फारशी नाही. नानांच्या हाती लागलेली कुठलीही वस्तू शेवटी पेनस्टँडच होते. डबा कापला की पेनस्टँड, बाटली कापली की पेनस्टँड, नारळाची करवंटी घासली की अर्थातच पेनस्टँड. आमच्या इमारतीत दर घरी चार-पाच तरी आहेत. पेन मात्र कुठल्याच घरात वेळेवर सापडत नाही.

शनिवारी संध्याकाळी नाना सोसायटीतल्या मुलांचा वर्ग घेतात. फी नाही, पण शिस्त आहे. मुलाने आधी मागणीपत्र भरायचं: 'काडेपेट्या चार, झाकणे सोळा, दोरा एक हात. प्रयोजन: आगगाडी.' खाली सही. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा. तो उमटवायला पोरांना एवढी गंमत वाटते की सही येणारेही अंगठाच पुढे करतात.

आता काडेपेट्यांची आगगाडी हे काम ते केवढं! पेट्या एका दोऱ्यात ओवायच्या, दोन्ही बाजूंना झाकणांची चाकं चिकटवायची आणि ओढत न्यायची. नानाही "अगदी सोपं आहे" अशीच सुरुवात करतात. मग पट्टी निघते, गुण्या निघतो, चाकांचे मध्य काढले जातात. एखाद्या पोराने डिंक लावायला घेतला की ते म्हणतात, "थांब, वाकडं होतंय. दे इकडे." 'अगदी सोपं आहे' आणि 'दे इकडे' या दोन वाक्यांमध्ये त्यांचा अख्खा वर्ग बसतो. तास संपतो तेव्हा नानांची आगगाडी तयार असते आणि पोरं मागे बसून एकमेकांच्या हाताला लागलेला वाळका डिंक सोलत असतात.

नानांचं दैवत म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा हा इंजिनीअर 1978 साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि गावच्या बाजारात मिळणाऱ्या किरकोळ वस्तूंतून खेळणी करू लागला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हेच केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा नानांनी इमारतीत साखर वाटली. साखर अर्थातच लग्नपत्रिकेच्या पाकिटांतून.

या दैवताचा एक प्रयोग नाना करतात तो शनिवार मात्र बघण्यासारखा असतो. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही तोंडांत आगकाड्या खोचायच्या. काड्यांची टोकं आधी खरवडून घ्यायची, हे सांगायला नको. असा त्रिकोण केला की कितीही दाबा, हलत नाही. चौकोन केला की लगेच कलतो. त्याच्या कर्णावर आणखी एक काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलांना आणि विजेच्या मनोऱ्यांना एवढे त्रिकोण का असतात, ते पाचवीतल्या पोराला दहा मिनिटांत बोटांनी कळतं. काड्या इतक्या बारीक की नानांच्या चष्म्याला त्या नीट दिसत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी 'दे इकडे' म्हणता येत नाही. वर्ग चांगला होण्याचं खरं कारण तेच.

शाळांमध्ये 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा लागली की नानांचा भाव वधारतो. शाळेची सूचना रात्री नऊला मोबाईलवर येते, वस्तू सकाळी सातला हवी असते. बाजारात हल्ली कुल्फीच्या कोऱ्या काड्यांचे गठ्ठे मिळतात, रंगवलेल्या करवंट्याही मिळतात. "नवा कचरा विकत आणायचा?" असं म्हणून नाना संतापतात आणि लगेच डबे उपसायला बसतात. त्यांना स्वतःला मधुमेह आहे. तरी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते रोज कुल्फी खाताना दिसतात. डॉक्टरांना ते सांगतात, काड्या कमी पडतायत.

मागे दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला नानांच्या पेंग्विनने पहिलं बक्षीस मिळवून दिलं. बाईंनी विचारलं, "हे कशापासून बनवलंस?" मुलगी म्हणाली, "नानांपासून." बाईंनाही तिसरीतल्या मुलांच्या बोटांची ताकद माहीत असावी. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

परवाच्या दिवाळीआधी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते चार दिवस लेकीकडे राहिले. खाली पोरांचा किल्ला चालला होता. विटा कमी पडल्या म्हणून ती माईंकडे आली. माईंनी गॅलरीची किल्ली काढून दिली. "काय लागेल ते न्या रे बाळांनो," त्या म्हणाल्या, "मागणीपत्र नको." त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून शेजारच्या वहिनींना वाटलं, ऑपरेशन माईंचंच झालंय.

शाम्पूच्या बाटल्यांचे बुरूज झाले, वर चिखलात भिजवलेलं गोणपाट आलं. झाकणांच्या ढाली झाल्या, संपलेल्या रिफिलींच्या तोफा. सीडीचं तळं झालं. जुन्या कूलरची नळी पाण्याने भरून एक टोक वरच्या बादलीत आणि दुसरं खाली कड्याशी सोडलं, तर पाणी आपोआप वाहू लागलं. कुणी शिकवलं नव्हतं. एकही बुरूज सरळ नव्हता. अळीव मात्र झकास उगवले होते.

नाना काळा चष्मा लावून परतले. किल्ल्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पोरं जिन्याखाली लपली होती. नानांचा हात दोनदा एका कललेल्या बुरुजाकडे गेला आणि दोनदा मागे आला. मग त्यांनी विचारलं, "ही नळी कुणी लावली?" एक पोरगं घाबरत पुढे आलं. "बादली अजून वर ठेव," नाना म्हणाले, "धार जोरात येईल." आणि ते वर निघून गेले.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. त्या रात्री नानांनी नोंदवही काढून एकेका ओळीवर निर्लेखनाचा शेरा मारला. सरकारी नोकरीत त्यांनी कारणाच्या रकान्यात 'जीर्ण', 'नादुरुस्त', 'कालबाह्य' हेच शब्द लिहिले होते. इथे त्यांनी लिहिलं, 'वापरून संपले'. मंजुरीच्या जागी माईंची सही आहे.

तुमच्याही इमारतीत एखादे नाना असतील. रिकामे डबे त्यांना जरूर द्या, मुलांनाही त्यांच्याकडे पाठवा. गॅलरीची किल्ली तेवढी माईंकडे राहील असं बघा.