सनवाले भाऊजी

मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून म्हाताऱ्या माणसांच्या हनुवटीखाली धरणारे हे गृहस्थ तुमच्याही नात्यात असणारच. आमच्याकडे ते जावई आहेत, म्हणजे गप्प बसा म्हणायचीही सोय नाही. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि घराण्याचा इतिहास लिहायला बसले. घराणं अर्थात सासरचं. त्यांच्या स्वतःच्या घरचे लोक मोबाइल निघाला की उठून जातात.

आदर्श म्हणाल तर थेट इतिहासाचार्य राजवाडे. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, पण कागद मध्येच बोलत नाही, ही त्यांची केवढी सोय! भाऊजींची साधनं जिवंत, वऱ्हाडी आणि भलतीच बोलकी. त्यात भाऊजींना एकच गोष्ट हवी असते : सन.

"बैल मेला? सन सांगा." "विहिरीला पाणी लागलं? सन?" आमच्या आत्यांनी मांड्यांची कणीक कशी तिंबायची ते सांगितलं, तरी यांचं "साधारण कोणत्या साली?" आहेच. आत्या म्हणायच्या, "साल कायचं सांगू बाप्पा? आपला लाल्या बैल मेला न, त्याच्या दुसऱ्या वर्साले." यावर भाऊजी डोळे मिटून घेत. एकदा आत्या आपणहून म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली. मिलोची लाल भाकर घशाखाली उतरत नव्हती." सन मिळाला! आम्ही सगळे भाऊजींकडे बघायला लागलो. भाऊजी म्हणाले, "महिना?"

हेमा राईरकर आणि गी पॉटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, खुंटा हातात आला की ओवी आपसूक येते, असं मी एकदा बोलून गेलो. दुसऱ्याच दिवशी जातं माळ्यावरून खाली. आत्यांनी घास घातला, खुंटा धरला, गळा लावला. पहिली ओवी पुरी व्हायच्या आत जातं थांबलं. "ही आपण कोणत्या साली शिकलात?"

अक्षय तृतीयेला ते भेंडवळला गेले. घटातली धान्यं बघून तिथं पहाटे येत्या सालचा पाऊस आणि पिकं सांगतात. न विचारता साल सांगणारी माणसं त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटली असतील, पण तेही साल पुढचं!

मात्र एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आमचं गाव देऊळगावराजाकडचं. कोसावर निजामाची हद्द, आत्यांच्या तोंडी मोगलाई. रझाकारांच्या धास्तीनं तिकडची माणसं रात्रीतून इकडं येत, आमच्या गोठ्यात उतरत. आत्या तेव्हा परकरातल्या. एक बाई आली ती कडेवर लेकरू आणि डोक्यावर जात्याची तळी घेऊन. भांडी नाहीत, गाठोडं नाही, नुसता दगड. "मायनं इचारलं, बाई, एवढा धोंडा कायले आनला वं? तं थे म्हने..."

"सन?" भाऊजी.

आत्या थांबल्या. "तुमीच सांगा जवाईबापू, तुमी मास्तर हाये." मग भाऊजींनी पोलीस अ‍ॅक्शन सांगितली : १३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या, १७ला निजामानं हत्यार टाकलं. सगळं बरोबर आणि सविस्तर. तोवर आत्यांनी लसूण सोलायला घेतला होता. ती बाई काय म्हणाली ते राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. तेराव्याला चुलतभावांना एकाएकी कुटुंबाच्या इतिहासाची गोडी लागली. बांधावरचा आंबा कोणाच्या वाट्याला दिला होता, आत्या कुठंतरी बोलल्यात म्हणे. सगळे मोबाइलभोवती कोंडाळं करून बसले. आत्यांचा आवाज आला, "आंबा तं आबानं..." आणि त्यावर भाऊजींचा, खणखणीत. मंडळी बांधाचं भांडण घेऊन तलाठ्याकडे गेली. बाकीचं ऐकायला कोणी थांबलं नाही. आम्ही पंचवीस-तीस माणसं आत्यांच्या हातचं खाऊन मोठी झालो. सात-बाऱ्यापलीकडचं त्यांना काही विचारलं असेल तर या एकट्या माणसानं, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

ते अजून लिहितात. कानात इअरफोन, पुढ्यात शाळेतल्यासारखं आखलेलं रजिस्टर. तळीवाल्या बाईपाशी आले की मागं घेतात, पुन्हा लावतात, आणि दर वेळी स्वतःचाच आवाज ऐकून इअरफोन काढून ठेवतात. परवा मी रजिस्टर चाळलं. सनाच्या रकान्यात, हेडमास्तरी ठळक अक्षरात : ‘लाल्या बैल मेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी.’

"हा लाल्या नक्की कधी मेला हो?" त्यांनी विचारलं.

"लाल्या? थांबा हं. थोरल्या काकाचं लग्न झालं... नाही, त्याच्या आधी. नदीला तो मोठा पूर आला न, त्याच पोळ्याच्या..."

भाऊजींनी मोबाइल माझ्या हनुवटीखाली धरला.