चेकर साहेब, आपण रजेवरून कधी येणार?

प्रति,
मा. चेकर साहेब,
फेलोशिप कक्ष, मुख्य इमारत.

विषय: आपलं दर्शन न घडण्याबाबत.
संदर्भ: आपल्या कक्षाच्या खिडकीवर परवा मिळालेला मोलाचा सल्ला.

महोदय,

आपण मला ओळखत नाही, मीही आपल्याला कधी पाहिलेलं नाही. तरीही माझ्या घरमालकाला, खानावळवाल्या काकूंना आणि गावाकडे आईला आपल्याबद्दल बरंच माहीत आहे. काकू तर हल्ली जेवायला बसल्याबसल्या विचारतात, "आले का तुमचे चेकर?" आमच्या खानावळीत कुलगुरूंचं नाव कोणाला ठाऊक नाही. आपला लौकिक मात्र तिथवर पोचला आहे.

ज्यांना आपला महिमा माहीत नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळालेल्या संशोधकाचे पैसे दिल्लीहून थेट त्याच्या बँक खात्यात येतात. ते यावेत म्हणून दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर कळवायचं असतं, की हा इसम अजून विभागात येतो आणि त्याला घरभाडं लागू आहे. ही नोंद मेकर भरतो आणि चेकर तपासून मंजूर करतो. संख्याशास्त्राच्या विभागात आम्ही वर्षानुवर्षं कार्यकारणभाव शोधत बसतो, पण इतका स्वच्छ कार्यकारणभाव मी दुसरीकडे पाहिला नाही. आपण बटण दाबलं तर भाडं जातं, नाही दाबलं तर जात नाही.

परवा खिडकीवर कळलं की आपण रजेवर आहात. मागच्या महिन्याची नोंद मेकरने वेळेत भरली होती, ती मंजूर व्हायची राहून गेली, आणि आता पोर्टल मागचा महिना उघडून देत नाही. तो उघडायला दिल्लीला पत्र जायला हवं. पत्रावर आपली सही लागते आणि आपण रजेवर आहात. मी विचारलं, मग तोवर काय करू? खिडकीमागच्या ज्येष्ठ गृहस्थांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि अगदी घरच्यासारखं सांगितलं, "तोवर चार ट्यूशन घ्या की. स्टॅटवाल्यांना काय कमी आहे?"

साहेब, ज्या कपाटाला टेकून ते हे बोलले, त्याच कपाटात माझं हमीपत्र आहे. फेलोशिप चालू असताना मी दुसरीकडून पगार, मानधन किंवा कसलंही वेतन घेणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. ते मी स्टँपपेपरवर लिहून दिलं आहे. 2024 साली राज्यात शंभराचा स्टँप गेला आणि पाचशेचा आला, तेव्हा उपाशी राहण्याची हमीसुद्धा पाचपटीने महाग झाली. म्हणजे कमावलं तर मी अपराधी, आणि न कमावता राहावं तर मला पोसायची जबाबदारी ज्यांनी घेतली त्यांचं बटण रजेवर. हमी द्यायची ती माझ्याकडूनच. अमुक तारखेला पैसे जमा होतील, अशी एका ओळीची हमी मला आजवर कुठल्या कागदावर मिळालेली नाही. माझ्या हमीपत्रात साक्षीदारांच्या सह्यांना जागा आहे, आपल्या तारखेला नाही.

रक्कम लहान नाही, हे मान्य. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी सीनियर म्हणजे एसआरएफ झाल्यावर 42,000. ही बातमी छापून आली तेव्हा मामांनी सगळ्या नातेवाइकांत वाटली. तेव्हापासून माझ्याकडे लग्नाच्या आहेराची अपेक्षाही त्याच श्रेणीची असते. "मंजूर" आणि "जमा" यांतलं अंतर मामांना समजावता येत नाही. घरमालकाला तर नाहीच.

या अंतराचा मी थोडा अभ्यास केला आहे, विषयच तो आहे. एक्स्पोनेन्शियल वितरणाला स्मृती नसते. तुम्ही कितीही काळ वाट पाहिली असली तरी पुढे किती थांबावं लागेल याचा अंदाज पहिल्या दिवशी होता तेवढाच राहतो. एम.एस्सी.च्या पोरांना हे पटवायला मला बल्ब फ्युज होण्याचं उदाहरण द्यावं लागायचं. आता मी आपल्या कक्षाचं देतो, त्यांना लगेच पटतं. कधीही गेलं तरी उत्तर "पुढच्या आठवड्यात बघा" असंच असतं, आणि मागच्या खेपेला काय सांगितलं होतं ते यंत्रणेला आठवत नाही.

बाकीच्या तक्रारी आज मांडत नाही. संख्याशास्त्राची वेगळी नेट परीक्षा नाही, जेआरएफ हवी तर सीएसआयआरच्या गणितीय विज्ञानाच्या पेपरात बीजगणितवाल्यांशी झुंजावं लागतं, ते झुंजून झालं. ती परीक्षा 2024 च्या जूनमध्ये ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तेही सोसलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं तर याहून न्यारं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी 24 डिसेंबर 2023 ला चाळणी परीक्षा झाली, त्यात 2019 च्या सेट परीक्षेचा पेपर जसाच्या तसा आला. असं योगायोगाने घडण्याची संभाव्यता काढायला ती बसली होती; गाईडनी सांगितलं, शून्य लिही आणि पुढच्या कामाला लाग. 10 जानेवारीला परीक्षा पुन्हा घेतली तर पेपरांना सील नसल्यावरून रण पेटलं. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचे 70,000 रुपये महिना ही आमच्यासाठी वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट आहे. आमच्या विद्यापीठाचं नाव त्या यादीत नाही.

खानावळीत उधारीची वही पुढे आली की मला हटकून पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस, जन्म 1911 चा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला आणि जगाची भूक आकड्यांत मोजली. एकाच माणसाची ऊर्जेची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, असं त्यांनी मांडलं. त्यावर जगभरच्या तज्ज्ञांनी कडाडून वाद घातला. आपल्या कक्षाने मात्र हा सिद्धांत विनावाद स्वीकारलेला दिसतो. संशोधकाचं शरीर जुळवून घेतं, तिमाहीपर्यंत तरी घेतं. मर्यादेबद्दल सुखात्मेंनी जे लिहिलं ते पान बहुधा आवक-जावकमध्ये अडकलं असावं.

इथवर लिहून मी हे पत्र पेटीत टाकणार होतो. पण काल मेकर जिन्यात भेटला. माझ्याच वयाचा मुलगा, ठेकेदारामार्फत लागलेला. त्याने सांगितलं, साहेब आईच्या ऑपरेशनसाठी गावी गेले आहेत. फेलोशिपच्या जोडीला परीक्षा विभागाचाही अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आहे, कारण तिथला अधिकारी निवृत्त झाला आणि जागा भरलीच नाही. निकालाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बसतात, म्हणाला, आणि आमचं बटण घरी जाण्याआधी दाबतात. मग जरा थांबून त्याने मलाच विचारलं, "तुमचं निदान मंजूर तरी असतं ना? आमचा पगार एजन्सीकडे अडकलाय."

तेव्हा साहेब, आईजवळ सावकाश थांबा. आपल्यावरचा माझा राग तिथेच संपला.

जो उरला आहे तो वरच्यांसाठी आहे. इमारतीला रंग द्यायला निधी मिळतो, मूल्यांकनाची समिती येते म्हणून रात्रीतून कुंड्या मिळतात, दीक्षान्त समारंभाला मांडव मिळतो. दुसरा चेकर मिळत नाही! शेकडो पोरांचं भाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे ज्या एका माणसाच्या एका बटणावर टांगले आहेत, त्याने आजारी पडू नये, त्याच्या आईने आजारी पडू नये, असं गृहीत धरून जे प्रशासन चालतं त्याला अतिरिक्त कार्यभाराची नाही, नापासाच्या शेऱ्याची गरज आहे. आमच्या विषयातलं पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा एका निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाही. यांनी एका माणसावर अख्खं विद्यापीठ काढलं.

आपण परत आलात की दोनच कामं करा. मागचा महिना उघडून देण्याबद्दल दिल्लीला जायच्या पत्राचा तीन ओळींचा मसुदा सोबत जोडला आहे, त्यावर सही करा. आणि पर्यायी चेकर नेमण्याची टिप्पणी कुलसचिवांकडे पाठवा. तीही टाइप करून जोडली आहे, फक्त तारीख घालायची आहे.

आपला,
संख्याशास्त्र विभागातला एक संशोधक